तळघरांतलें आकाश

शिकागो शहराच्या पश्चिमेस सुमारें तीस मैलांवर नेपरव्हिल नांवाचें एक टुमदार गांव आहे. रुंद रस्ते, दुतर्फा मेपलचीं झाडें, प्रत्येक घरापुढें कातरलेली हिरवळ, आणि रस्त्यानें चालणारा माणूस म्हणाल तर औषधालाहि दिसावयाचा नाहीं. गांवांतून ड्युपेज नांवाची एक लहानशी नदी वाहते. तिच्या कांठच्या विटांच्या पायवाटेवर मात्र सायंकाळीं पुष्कळ मंडळी फिरावयास येतात, आणि त्यांत मराठी बोलणें कानीं पडलें तर आतां कोणी वळूनहि पाहत नाहीं. गेल्या वर्षीं भाद्रपद-आश्विनाचे दिवस मीं तेथें माझ्या भाच्याच्या घरीं काढले. अमेरिकेंत जाऊन आलेले गृहस्थ नायगाऱ्याचा धबधबा आणि न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता यांचें वर्णन लिहितात. तीं स्थळें मींहि पाहिलीं. परंतु वाचकांनीं तीं वर्णनें इतक्या वेळां वाचलेलीं आहेत कीं, त्यांत मीं आणखी भर घालण्याचें प्रयोजन दिसत नाहीं. मला लिहावयाचें आहे तें त्या घराच्या तळघराविषयीं.

त्या मुलुखांत हिवाळ्यांत जमीन खोलवर गोठते, म्हणून घराचा पाया त्या गोठणीच्याहि खालीं न्यावा लागतो. आणि एवढें खणलेंच आहे तर तेथें एक मजला कां काढूं नये, अशा व्यवहारी विचारानें बहुतेक घरांना तळघर असतें. कोणी तेथें टेबल-टेनिस मांडतो, कोणी सुतारकामाचें बांक. माझ्या भाच्याच्या तळघराची निम्मी जागा एका विमानानें अडविलेली आहे. या विमानाला पंख नाहींत, शेपूट नाहीं, चाकेंहि नाहींत. आहे ती केवळ वैमानिकाची पुढची खोली, जिला कॉकपिट म्हणतात. आणि तीहि मागच्या बाजूनें उघडी.

हें काम त्यानें सहा वर्षें सुट्टीच्या दिवसांत केलें. सांगाडा प्लायवुडचा. दोन खुर्च्या भंगारांत निघालेल्या एका मोटारींतल्या. खुर्च्यांच्या खालीं एकेक यंत्र बसविलेलें आहे. ध्वनिवर्धकाचीच ती जात, परंतु तें आवाज न करतां नुसतें थरथरतें, आणि इंजिन सुरू झालें कीं बसणाऱ्याच्या पाठीच्या कण्याला ती थरथर जाणवते. समोरच्या फळींत सहा वाटोळीं भोंकें कापलेलीं आहेत. प्रत्येकांत एकेक घड्याळासारखें मापनयंत्र दिसतें: वेग, उंची, दिशा, वळण, चढउतार, आणि क्षितिज. मी प्रथम समजलों कीं हीं सहा निरनिराळीं यंत्रें आहेत. फळीच्या मागें डोकावून पाहिलें तेव्हां तेथें एकच सपाट पडदा होता. त्यावर सहाहि चित्रें उमटत होतीं आणि फळीच्या भोंकांनीं त्यांना यंत्राची कळा आणली होती. गणपतीपुढच्या आराशींत आपण पुठ्ठ्याचे खांब संगमरवरी करतों, त्यांतलाच हा प्रकार. कळा आणि खटके मात्र खरे आहेत. दाबले कीं टचकन् आवाज होतो. प्रत्येक खटक्याची तार एका लहानशा विद्युत्फलकाकडे जाते आणि तो फलक संगणकाला काय दाबलें तें कळवितो. एकूण खर्च किती झाला, असें मीं विचारलें. त्यानें एकदां आपल्या पत्नीकडे पाहिलें आणि मला खिडकीच्या चौकटीचें पॉलिश दाखवूं लागला.

फळीमागच्या त्या तारा पाहतांना माझें लक्ष एका गोष्टीकडे गेलें. असल्या कामांत तारा निरनिराळ्या रंगांच्या वापरतात, म्हणजे कोणती कोठें जाते हें चटकन् ओळखतां येतें. येथें तशा रंगीत तारा होत्याच. परंतु प्रत्येक तारेला कागदाची बारीक चिठ्ठी डकवलेली होती, आणि तिच्यावर निळ्या शाईनें देवनागरी आंकडा घातलेला होता. १, २, ३ पासून १४० च्याहि पलीकडे. ते आंकडे मी ओळखले. पन्नास वर्षें तेच हस्ताक्षर मला राखीपौर्णिमेच्या पत्रांत येत आलें होतें. तें माझ्या थोरल्या बहिणीचें, म्हणजे भाच्याच्या आईचें, अक्काचें होतें.

माझ्या भाच्याला तांबडा आणि हिरवा हे रंग निराळे दिसत नाहींत. बारावी झाल्यावर तो वायुदलाच्या निवडीला गेला होता. लेखी परीक्षा उतरला, मुलाखत उतरला. वैद्यकीय तपासणींत मात्र त्याच्यापुढें रंगीत ठिपक्यांचे ते तक्ते ठेवले गेले. जपानी डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनीं ते १९१७ सालीं प्रसिद्ध केले. ठिपक्यांत दडलेला आंकडा डोळस माणसाला सहज दिसतो, या मुलाला तेथें नुसते ठिपके दिसले. विमानाच्या डाव्या पंखावर तांबडा दिवा असतो, उजव्यावर हिरवा. अंधारांत समोरून येणारें विमान कोणत्या दिशेला चाललें आहे तें यावरून समजतें, तेव्हां नियमाला दोष देतां येत नाहीं. हा दोष आईच्या द्वारें मुलाकडे येतो. आईला स्वतःला सर्व रंग नीट दिसतात. आमचे वडील आंब्याचा पिकलेला फळ रंगावरून कधींच ओळखीत नसत, नाकाला लावून ओळखीत. आम्ही मुलें त्याला त्यांची रसिकता समजत होतों. तपासणीचा निकाल आला त्या दिवशीं अक्काला त्या आंब्यांची आठवण झाली आणि सर्व उलगडा झाला.

“माझ्याकडूनच गेलें तें त्याच्याकडे,” असें ती मला या खेपेस प्रथमच म्हणाली. मग थोड्या वेळानें म्हणाली, “आणि खरें सांगूं? त्या दिवशीं तो तोंडांत घांस घेईना, आणि मी देवापुढें साखर ठेवली. विमानांत जाणार नाहीं, एवढेंच माझ्या डोक्यांत.” अक्का आतां एकोणऐंशी वर्षांची आहे. नवऱ्याच्या पश्चात् मुलाकडे राहते. हृदयाच्या दुखण्यामुळें डॉक्टरांनीं तिला लांबचा विमानप्रवास वर्ज्य केलेला आहे, म्हणजे गुहागरचें घर तिला आतां दिसावयाचें नाहीं. कॉकपिटाचें काम सुरू झालें तेव्हां पहिले कांहीं महिने ती तळघरांत उतरलीच नाहीं. मग एके दिवशीं तांबडी-हिरवी उलटी जोडली जाऊन एक फलक जळाला. त्याचा वास वर स्वयंपाकघरापर्यंत आला, आणि ती चिठ्ठ्या व शाई घेऊन खालीं गेली.

आतां पडद्यांविषयीं. समोर तीन मोठे पडदे आहेत. एक नाकासमोर आणि दोन बाजूंना, डोळ्याकडे वळवून ठेवलेले. एकाच पडद्यानें काम कां भागत नाहीं, हा मला पडलेला प्रश्न वाचकांनाहि पडेल. विमान धांवपट्टीवर उतरविण्यापूर्वीं वैमानिक पट्टीला समांतर, तिच्या उलट दिशेनें जातो. मग दोन काटकोनी वळणें घेऊन पट्टीच्या समोर येतो. या सर्व वेळीं पट्टी त्याच्या डाव्या खांद्याच्या बाजूला असते. वळण केव्हां घ्यावयाचें तें मान वळवून पट्टीकडे पाहूनच ठरतें. एकच पडदा असेल तर ऐन वेळीं पट्टी दिसेनाशी होते आणि वैमानिकाला अदमासावर वळावें लागतें.

दुसरें कारण अधिक मौजेचें आहे. कल्याण स्टेशनांत आपली गाडी उभी असावी, शेजारच्या रुळावरची गाडी सुटावी, आणि आपणच चाललों असा क्षणभर भास व्हावा, हा अनुभव कोणाला नाहीं? तो भास डोळ्याच्या कडेनें होतो. मधल्या दृष्टीनें आपण अक्षरें वाचतों, चेहरे ओळखतों. परंतु गतीची जाणीव मुख्यतः कडेची दृष्टि देते. बाजूचे पडदे लावल्याबरोबर तें न हलणारें प्लायवुड हालूं लागतें. माझी भाचेसून पहिल्याच वळणांत खुर्चीचा दांडा घट्ट धरून डोळे मिटून बसली होती, आणि तेव्हांपासून ती तळघरांत फक्त कपडे धुण्यापुरती जाते.

परंतु तीन पडदे टांगले म्हणजे झालें असें नाहीं. प्रत्येक पडदा ३२ इंची, म्हणजे रुंदीला सुमारें ७१ सेंटिमीटर. डोळा तितक्याच अंतरावर असला तर पडद्याच्या दोन कडा डोळ्यापाशीं सुमारें ५३ अंशांचा कोन करतात. तिन्ही मिळून १६० अंशांच्या घरांत. संगणकानेंहि जगाचें चित्र नेमक्या त्याच कोनाचें काढलें पाहिजे, आणि प्रत्येक पडद्यासाठीं निराळें. नवशिके एकच चित्र ताणून तिन्ही पडद्यांवर पसरतात. मग बाजूच्या इमारती रबरासारख्या लांबतात आणि वळतांना क्षितिज मोडल्यासारखें दिसतें. भाच्यानें मला दोरी आणि कोनमापक घेऊन हें सर्व करून दाखविलें. दोन पडद्यांच्या सांध्याशीं ज्या काळ्या कडा उरतात त्या झांकण्यासाठीं त्यानें लांकडाच्या पट्ट्या अशा बसविल्या आहेत कीं त्या खिडकीचे गजच वाटाव्यात. हीं तीनहि दृश्यें क्षणोक्षणीं काढतांना संगणक इतका तापतो कीं त्या कोपऱ्यांत हिवाळ्यांत शेगडी लागत नाहीं, असें भाचा अभिमानानें सांगतो. विजेचें बिल किती येतें तें मीं विचारलें नाहीं.

विमान कंपन्यांच्या शिक्षणकेंद्रांत जीं मोठीं यंत्रें असतात त्यांची गोष्ट निराळी. तीं सहा यांत्रिक पायांवर उभीं असतात आणि सर्व बाजूंना झुकतात. दृश्य एका मोठ्या वक्र आरशांतून दाखविलें जाते, त्यामुळें डोंगर खरोखरच दूर असल्याप्रमाणें डोळ्याला वाटतो, दोन हातांवरच्या कांचेवर नव्हे. त्यांची किंमत अनेक कोटींची असते, आणि त्यांत काढलेले तास वैमानिकाच्या खात्यांत जमा होतात. तळघरांतल्या तासांना तसा हिशेब नाहीं.

या सर्वांचें मूळ शोधूं गेलें असतां तें एका बाजाच्या कारखान्यांत सांपडतें, हें मला फार आवडलें. न्यूयॉर्क राज्यांत सस्केहॅना आणि शनँगो या नद्यांच्या संगमावर बिंगहॅम्टन नांवाचें गांव आहे. तेथें लिंक नांवाच्या गृहस्थांचा आपोआप वाजणारे पियानो व ऑर्गन करण्याचा कारखाना होता. मुलगा एडविन याला उडण्याचा नाद. परंतु शिकवणीचे पैसे परवडेनात. ऑर्गनचे भाते त्याच्या हाताखालचे. पेटी वाजविणाऱ्या आपल्या वाचकांना भात्याची शक्ति सांगावयास नको. त्यानें एका लहानशा लांकडी विमानाखालीं चार बाजूंना भाते बसविले. दांडी डावीकडे नेली कीं एका भात्यांतली हवा ओढली जाऊन विमान डावीकडे कलावें, अशी योजना केली, आणि १९२९ सालीं पेटंटासाठीं अर्ज केला. वैमानिकांना तें पोरखेळ वाटलें. नाणें टाकून झुलण्याचें खेळणें म्हणून जत्रेंतल्या करमणुकीच्या बागांनीं तें विकत घेतलें.

मग १९३४ चा फेब्रुवारी आला. सरकारनें हवाई टपाल खासगी कंपन्यांकडून काढून लष्कराकडे दिलें. लष्करी वैमानिकांना ढगांत, रात्रीं, केवळ यंत्रांकडे पाहून उडण्याची संवय नव्हती. थोड्याच आठवड्यांत बारा-एक माणसें दगावलीं. तेव्हां त्या खेळण्याची आठवण झाली. लिंकला पाहणीसाठीं न्यूअर्कला बोलाविलें त्या दिवशीं धुकें इतकें दाट होतें कीं तो येणार नाहीं असें समजून अधिकारी निघण्याच्या बेतांत होते. एवढ्यांत तो त्या धुक्यांतून स्वतः विमान घेऊन उतरला. लष्करानें प्रत्येकीं ३,५०० डॉलर देऊन सहा यंत्रें घेतलीं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत दहा हजारांहून अधिक यंत्रें झालीं आणि सुमारें पांच लाख माणसें त्यांवर शिकलीं.

संगणकावरचें उड्डाण मात्र इलिनॉय राज्यांतलेंच. तेथील विद्यापीठांत ब्रूस आर्टविक नांवाच्या विद्यार्थ्यानें १९७५ सालीं याच विषयावर प्रबंध लिहिला आणि त्यांतून पुढें १९८२ सालीं मायक्रोसॉफ्टचें उड्डाणाचें सॉफ्टवेअर निघालें. त्यांत आरंभीं विमान उभें असे तें शिकागोच्या मेग्ज फील्ड या विमानतळावर. सरोवरांतल्या भरावावरची एकच धांवपट्टी, डावीकडे उंच इमारतींची रांग आणि उजवीकडे मिशिगन सरोवराचें अथांग पाणी. जगांतल्या लक्षावधि मुलांनीं शिकागो प्रथम पाहिलें तें तेथून. माझ्या भाच्यानेंहि पुण्यास सदाशिव पेठेंतल्या एका मित्राच्या घरीं तें तसेंच पाहिलें होतें.

पहिल्या सायंकाळीं त्यानें मला तेथूनच उडविलें. पट्टी संपली, पाणी खालीं आलें, डाव्या पडद्यांत शहराचीं शिखरें तिरपीं झालीं. मीं सहज म्हटलें, “उद्यां मला हा तळ दाखव.”

“तो आतां नाहीं, मामा. पण जागा दाखवतों तुम्हांला.”

दुसऱ्या दिवशीं आम्ही नॉर्दर्ली आयलंडवर गेलों. प्लॅनेटेरियमच्या घुमटापासून दक्षिणेस वळलें कीं सरोवरांत शिरलेली ती जमिनीची जीभ लागते. १९३३-३४ सालचें जागतिक प्रदर्शन याच भागांत भरलें होतें. १९४८ पासून येथें विमानतळ होता. महापौर रिचर्ड डेली यांना तेथें बाग हवी होती. ३० मार्च २००३ च्या मध्यरात्रीं त्यांच्या हुकमानें बुलडोझर आले आणि धांवपट्टीवर खोल फुल्या खोदल्या गेल्या. सकाळीं तेथें उभीं असलेलीं सोळा विमानें अडकून पडलीं. त्यांना पुढें बाजूच्या अरुंद रस्त्यावरून उडून जाण्याची मुभा मिळाली. दहशतवादाच्या भीतीनें शहराच्या रक्षणासाठीं हें केलें, असें महापौरांनीं सांगितलें. पूर्वसूचना न दिल्याबद्दल शहराला ३३,००० डॉलर दंड झाला. बाग वाईट नाहीं; परंतु लोकांच्या मालकीची वस्तु रात्रीं चोरासारखी मोडावी, ही रीत मला रुचली नाहीं.

आतां तेथें माळरानांतलें उंच गवत लाविलें आहे. आश्विनांतल्या त्या दुपारीं तें तांबूस झालें होतें. भाच्याला तें कोणत्या रंगाचें दिसत होतें कोण जाणे. विमानतळाची जुनी इमारत तेवढी शिल्लक आहे. भाचा गवतांतल्या पायवाटेनें झपझप पुढें गेला, एके ठिकाणीं थांबला आणि म्हणाला, “मामा, पट्टीचें टोंक साधारण येथें.” दाखवावयास तेथें कांहींच नव्हतें. हजारों वेळां जेथून उडाला त्या जागेवर तो अमेरिकेंत आल्यावर प्रथम आला तेव्हां फुल्या पडून चार वर्षें झालीं होतीं. नोव्हेंबर २०२२ मध्यें सॉफ्टवेअरच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त कंपनीनें मेग्ज पुन्हां त्यांत घातला; काल आम्ही उडालों तो तोच.

तेथेंच एका बांकावर मीं त्याला विचारलें कीं, या देशांत खासगी वैमानिकाचे नियम सौम्य आहेत, रंग न दिसणाऱ्यालाहि कांहीं अटींवर दिवसां उडतां येतें, मग तूं शिकत कां नाहींस? तो पाण्याकडे पाहत राहिला. “आईला झोंप लागणार नाहीं,” एवढेंच म्हणाला.

माझ्या परतण्याच्या आदल्या रविवारीं अक्का स्वतः होऊन म्हणाली, “मला गुहागरला घेऊन चल.” तिला उजव्या खुर्चींत बसविलें, मी मागें स्टुलावर. मुंबईहून दक्षिणेस, किनारा डाव्या हाताला ठेवून, लहान सेस्ना विमानानें हा प्रवास तासाभराच्या आंतला. अलिबागचा कुलाबा किल्ला, मुरूडचा जंजिरा, श्रीवर्धन, हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग. जमिनीचें चित्र उपग्रहाच्या छायाचित्रांवरून घेतलेलें असल्यामुळें खाड्यांचीं वळणें अगदीं जेथल्या तेथें. दाभोळची खाडी आली, पलीकडे वीजकेंद्राच्या चिमण्या, आणि मग गुहागरची ती सरळ पुळण.

घरें मात्र संगणकानें आपल्या अकलेनें रचलेलीं असतात. नकाशांत कोणी आंकडा चुकीचा घातला म्हणून मेलबर्नच्या एका उपनगरांत दुमजली घराचा २१२ मजली मनोरा झाला होता, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. गुहागरांत तसें कांहीं नव्हतें. परंतु वरच्या पाटांत, जेथें आमच्या नात्यांतल्या घरांचीं कौलें माडांखालीं दडलेलीं असतात, तेथें सपाट गच्चीचे ठोकळे उभे होते. माड नव्हते; कसलींशीं गोल डोक्याचीं परदेशी झाडें होतीं.

“हें आपलें नव्हे,” अक्का म्हणाली. “खालीं घे जरा.” त्यानें खालीं घेतलें. “अजून.” वाडीवरून एक घिरटी झाली. ती पडद्याच्या अगदीं जवळ वांकली. “रस्ता आपलाच आहे. तें वळण आपलेंच. विहीर ह्यांनीं बुजवली.” मग मागें टेकून म्हणाली, “पुरे. परत चल.”

परतीचा मधला प्रवास भाच्यानें एक कळ दाबून गाळला आणि आम्ही एकदम मुंबईपुढच्या समुद्रावर आलों. घड्याळ पुढें सरकलेलें. तिन्ही पडद्यांवर सांज उतरली होती. समोर जुहूचा किनारा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले तें मैदान याच वाटेवर. त्यापलीकडे सांताक्रुझची मोठी पट्टी दिव्यांनीं उजळलेली. पट्टीच्या बाजूला चार दिवे एका रांगेंत असतात. विमान फार उंच असेल तर चारहि पांढरे दिसतात, फार खालीं असेल तर चारहि तांबडे. दोन पांढरे व दोन तांबडे म्हणजे वाट बरोबर. भाचा एकटा असतो तेव्हां त्या दिव्यांकडे न पाहतां उंचीच्या यंत्रावर भिस्त ठेवतो.

“चार दिवे दिसतात का, आई?”

“दिसतात. एक पांढरा, तीन तांबडे.”

त्यानें इंजिनाचा जोर थोडा वाढविला.

“आतां दोन-दोन,” अक्का म्हणाली. तिचा हात समोरच्या फळीवर होता. “दोन-दोन. दोन-दोन. अरे, तिसरा तांबडा होतोय, संभाळ.”

“संभाळतों.”

“हां. दोन-दोन.”

खुर्च्यांखालची थरथर वाढली, पट्टीची पांढरी रेघ मधल्या पडद्यांत रुंद झाली, चाकें टेकल्याचा धक्का बसला. विमान हळूहळू थांबलें. अक्कानें पदरानें चष्मा पुसला आणि विचारलें, “तें खऱ्या विमानाचें शिकवतात म्हणालास, तें इथून किती लांब आहे?”